‘चेक फेल’ म्हणजे नेमकं काय फेल?

पत्र : मॅडम, मी 22 वर्षांचा आहे, सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. आमची द्राक्षबाग आहे. आण्णांनी दीड एकर विकून आणि वर बँकेचं कर्ज काढून मला पायलट ट्रेनिंगला पाठवलं. सोलो झालो, म्हणजे पहिल्यांदा एकट्याने विमान उडवलं, तेव्हा गावात माझा फ्लेक्स लागला होता. आता उड्डाणाचे 118 तास झालेत आणि सगळं अडकलंय. प्रश्नसंच पाठ करूनही नेव्हिगेशनचा पेपर दोनदा गेला, दुसऱ्यांदा 66 पडले. पावसाळ्यात तीन महिने जेमतेम उडायला मिळालं. विमानंही कमी आहेत. पावसाळ्यानंतर मला सेस्ना 152 या विमानावरून सेस्ना 172 वर घेतलं, इन्स्ट्रक्टर तीनदा बदलले, आणि गेल्या महिन्यात चेकमध्ये, म्हणजे उड्डाणाच्या परीक्षेत, फेल झालो. लँडिंग होतच नाही. बॅचमधले दोघे सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, घेऊन गेलेसुद्धा. घरी मी चेक पास झाल्याचं सांगितलंय. रात्रभर झोप लागत नाही. एक मित्र म्हणतो, थोडे तास लॉगबुकात, म्हणजे उड्डाणाच्या नोंदवहीत, भरून टाक, कोण बघतंय. मराठी माध्यमातल्या मुलानं हे स्वप्न बघायलाच नको होतं का? सोडून देऊ का?

उत्तर :

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल होती. मूळ पत्र सहा पानी आहे, इथे जागेअभावी थोडकंच छापलंय. त्या सहा पानांत तू स्वतःला चार वेळा नालायक म्हटलं आहेस. आण्णांच्या कर्जाचा उल्लेख पाच वेळा आहे. चेकनंतर इन्स्ट्रक्टरनी तुझ्या शीटवर काय लिहिलं, ते मात्र एकदाही नाही.

तिथूनच सुरुवात करू. ‘चेक फेल’ असा शेरा कुणी देत नाही, त्याखाली काहीतरी लिहिलेलं असतं. फायनलवर (धावपट्टीकडच्या शेवटच्या सरळ टप्प्यात) वेग जास्त, फ्लेअर (टेकण्याआधी नाक उचलणं) उशिरा, बाजूच्या वाऱ्यात रडर (शेपटाचं सुकाणू) कमी, असं काहीतरी. ती ओळ तू वाचली असशील, पण वाचताना तुला दिसलं असेल फक्त फेल. उद्या ऑफिसात जा, शीट मागून घे आणि ती ओळ जशीच्या तशी वहीत उतरव. अक्षर लागत नसेल तर ज्यांनी लिहिलं त्यांनाच विचार. ते रागावणार नाहीत. मी एकोणीस वर्षं विमान उडवायला शिकवलं. माझ्या शेऱ्याचा अर्थ विचारायला आलेल्या मुलांचा मला कधी राग आला नाही. न विचारता खाली मान घालून जाणाऱ्यांची काळजी वाटायची.

आता लँडिंगचं. ‘लँडिंग होतच नाही’ असं तू लिहितोस, आणि त्याच पत्रात सोलो झाल्याचंही लिहितोस. लँडिंग येत नसलेल्या मुलाला कुठलाही इन्स्ट्रक्टर एकट्याने विमान घेऊन वर जाऊ देत नाही. म्हणजे लँडिंग तुला येत होतं. मग बिघडलं कधी? लॉगबुक उघड आणि मागे मागे जा. माझा अंदाज आहे की ते पावसाळ्यानंतर बिघडलं, 172 वर आल्यापासून. तू ते वाक्य जाता जाता लिहून गेलास, पण सगळ्या पत्रात माझ्या कामाचं वाक्य तेच आहे.

152 हे हलकं, लहान विमान. 172 जड आहे, नाक जड लागतं, बसण्याची उंची निराळी, समोर दिसणारं चित्र निराळं. जमीन किती खाली आहे हे आपल्याला कुठलं यंत्र सांगत नाही, ते डोळे सांगतात, आणि डोळ्यांना 152 मधल्या चित्राची सवय आहे. त्यात मध्ये तीन महिन्यांचा खंड. त्यात तीन इन्स्ट्रक्टर. एकाने सांगितलं असेल, पॉवर आधी काढ. दुसऱ्याने, जरा ठेव. तिसऱ्याने काही सांगायच्या आतच कंट्रोल स्वतःकडे घेतला असेल. यात तुझी लायकी कुठून आली?

माझंच सांगते. शिकत होते तेव्हा माझ्या बॅचची मुलं पंधरा-सतरा तासांत सोलो झाली. माझे एकतीस तास झाले तरी इन्स्ट्रक्टर खाली उतरायला तयार नव्हते. प्रत्येक लँडिंगला मी विमान दोन पुरुष उंचीवर सरळ करायची आणि ते तिथून धप्पकन खाली यायचं. ‘मुलींना उंचीचा अंदाज नसतो,’ हे मला तोंडावर सांगितलं गेलं, आणि मला ते पटायलाही लागलं होतं. मग एक दिवस एक वयस्कर इन्स्ट्रक्टर माझ्याबरोबर बसले. इंजिन सुरू करायच्या आधी त्यांनी विचारलं, “काउलिंगच्या पुढे तुला काय दिसतं?” काउलिंग म्हणजे नाकावरचं, इंजिनाचं झाकण. मी म्हटलं, आकाश. ते काही बोलले नाहीत. हँगरमध्ये गेले, मेकॅनिक दुपारी ज्यावर पडायचे ती सतरंजी घेऊन आले, तिची चौघडी घातली आणि माझ्या सीटवर ठेवली. त्या दिवशी मला पहिल्यांदा उतरताना धावपट्टीचं दुसरं टोक दिसलं. त्यानंतर चौथ्या सॉर्टीला, म्हणजे उड्डाणाला, मी सोलो झाले. एकतीस तास मी स्वतःच्या अंगी नसलेला दोष शोधत होते. खोट चार इंचांची होती.

म्हणून तुलाही तेच विचारते. 172 मध्ये सीट कितव्या खाचेवर घेतोस? रोज तीच? वर-खाली होत असेल तर उंची रोज एकच ठेवतोस का? खाच मोजून लिहून ठेव आणि चेकलिस्टच्या आधी तेवढं कर.

दुसरी गोष्ट वेगाची. पूर्ण फ्लॅप्स (पंखांच्या मागच्या झडपा) लावल्यावर 172 चा अप्रोचचा, म्हणजे उतरायला येतानाचा, वेग साधारण 60 ते 70 नॉट (तासाला सागरी मैल). तुझ्या विमानाच्या हँडबुकात जो दिलाय आणि तुझे इन्स्ट्रक्टर जो सांगतात, तोच धर. समज 65 ठरला. चेकच्या धास्तीने मुलं 75 ने येतात, जास्त वेग म्हणजे सुरक्षित असं वाटतं म्हणून. दहा नॉट जास्त म्हणजे विमानातली ऊर्जा जवळजवळ एक तृतीयांश जास्त. ती कुठेतरी जायला हवी ना? मग विमान धावपट्टीवर तरंगत राहतं, टेकत नाही. आपण घाबरून योक, म्हणजे विमानाचं हँडल, जरा जास्त ओढतो, ते फुग्यासारखं वर उठतं. आता जमीन लांब गेली म्हणून आपण नाक खाली दाबतो आणि नाकाच्या चाकावर आपटून उसळतो. ही साखळी सुरू झाली ती तीनशे फुटांवर, वेगाच्या काट्यात. आपण मात्र शेवटच्या पाच फुटांचा दोष उगाळत बसतो. विमान फुगून वर उठलं तर नाक दाबायचं नाही. पूर्ण पॉवर, नाक ताब्यात, आणि पुन्हा सर्किट, म्हणजे विमानतळाभोवतीची फेरी. चेकमध्ये वेळेवर केलेल्या गो-अराउंडने, म्हणजे न टेकता पुन्हा वर जाण्याने, कुणी नापास होत नाही. ओढूनताणून टेकवलेल्या विमानाने होतात.

आणि नजर. फ्लेअरच्या क्षणी डोळे नाकासमोरच्या डांबरावरून उचलून धावपट्टीच्या पार टोकाला न्यायचे. जवळ बघितलं की जमीन अंगावर आल्यासारखी वाटते आणि हात आपोआप योक ओढतो. हे जमिनीवर बसूनही घोटवता येतं. खुर्चीत बस, समोर कॉकपिटचं पोस्टर लाव, आणि बेस लेगपासून (फायनलच्या आधीच्या टप्प्यापासून) टॅक्सीवेपर्यंतची प्रत्येक कृती हात हलवत, मोठ्याने बोलत कर. खोलीतला पार्टनर हसेल. हसू दे. विमानं कमी आहेत, पुष्कळशी शंभर तासांच्या तपासणीला हँगरमध्ये आहेत, ही अडचण खरी आहे आणि ती तुझ्या हातात नाही. खुर्ची तुझ्या हातात आहे.

एक काम मात्र तोंड उघडून करावं लागेल. चीफ इन्स्ट्रक्टरकडे जा आणि सांग, पुढच्या पाच सॉर्ट्या एकाच इन्स्ट्रक्टरबरोबर, नुसती सर्किट, जमल्यास सकाळच्या पहिल्या स्लॉटला. आपल्याकडे ऊन चढलं की हवा उकळायला लागते आणि विमान फायनलवर वर-खाली हिंदकळतं. नवं चित्र डोळ्यांत बसवायचं तर ते सकाळच्या शांत हवेत बसतं. ही मागणी अवाजवी नाही. तुझ्या आण्णांनी पैसे भरलेत.

नेव्हिगेशनचं सांगते. 66, आणि पास व्हायला लागतात 70. प्रश्नसंच पाठ करून तू तिथपर्यंत पोचलास, पुढचे चार पाठांतराने येणार नाहीत. एक उदाहरण घे. शंभर सागरी मैलांचा टप्पा आहे. चाळीस मैल गेल्यावर खाली नदीचं ओळखीचं वळण दिसलं आणि कळलं की आपण मार्गाच्या उजवीकडे चार मैल आहोत. साठ मैलांना एक मैल म्हणजे एक अंश, हा नियम तुला पाठ असणारच. म्हणजे चूक झाली सहा अंशांची. बरीच मुलं डावीकडे सहा अंश वळतात आणि उत्तरावर खूण करून मोकळी होतात. पण सहा अंशांनी तू फक्त मूळ मार्गाला समांतर होतोस, शेवटपर्यंत चार मैल लांबच राहतोस. उरलेल्या साठ मैलांत ते चार मैल भरून काढायचे तर आणखी चार अंश. एकूण दहा. हे कागदावर काढून बघितलेल्या मुलाला आकडे कितीही बदलून आले तरी अडत नाही. प्रत्येक गणिताचं चित्र काढ. रोज पाच गणितं, पण चित्रासकट. आणि दोन्ही वेळा कुठले प्रश्न अडले, कन्व्हर्जन्सीचे की वेळेचे की वाऱ्याच्या त्रिकोणाचे, ते आठवेल तेवढं आजच लिहून काढ.

मराठी माध्यमाबद्दल तू जे लिहिलंस, त्याने मला वाईट वाटलं. रेडिओवर बोलायचं इंग्रजी हे वक्तृत्व स्पर्धेचं इंग्रजी नव्हे. कुणाला हाक मारतोय, मी कोण, कुठे आहे, किती उंचीवर, काय हवंय. त्याच क्रमाने, तेच मोजके शब्द, दिवसातून पन्नास वेळा. आंतरराष्ट्रीय नियमात भाषेच्या सहा पातळ्या आहेत आणि लागते चौथी. उच्चार मातृभाषेच्या वळणाचा असला तरी चालतो, समोरच्याला समजला पाहिजे. टॉवरचं बोलणं पहिल्या झटक्यात कळलं नाही तर ‘से अगेन’ म्हणायचं. न लाजता म्हणायचं. न समजता ‘रॉजर’ म्हणणारा पायलट मला कॉन्व्हेंटचा असला तरी नको.

आता ज्यामुळे तुझी झोप उडाली आहे, त्याबद्दल. माझ्या मते ते लँडिंगही नाही आणि 66 गुणही नाहीत. तू आण्णांशी खोटं बोललास, ते आहे.

आज रात्री जेवणं झाल्यावर फोन कर. आईमार्फत नको, थेट त्यांना. सांग की चेक पास झालो म्हणालो ते खरं नव्हतं. कशात अडलंय ते सांग, पुढच्या पाच सॉर्ट्यांचं ठरवलंय ते सांग. खर्चाचा हिशेब सांग : किती तास झाले, परवान्याच्या 200 तासांना किती उरले, तासाचा दर काय, एखाद्या चेकसाठी आणखी तास लागले तर किती वाढतील. हा हिशेब आधी फ्लाइंग स्कूलकडून लेखी घेऊन ठेव. हेही सांग की सीपीएल हातात आला की दुसऱ्या दिवशी नोकरी, असं नसतं. किंगफिशर 2012 मध्ये बंद पडली, जेट 2019 मध्ये, मग 2020 ची महामारी. त्या त्या वेळी परवाना हातात असूनही माणसं घरी बसली होती. गावात फ्लेक्स लावणाऱ्यांना हे माहीत नसलं तरी चालेल. कर्जावर सही करणाऱ्याला माहीत असायला हवं.

ते चिडतील कदाचित. पण तू ज्या माणसाला घाबरतोयस तो द्राक्षबागायतदार आहे. ऐन फुलोऱ्यात पाऊस लागल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत काय करतात ते तू लहानपणापासून बघितलं असशील. बाग गेली म्हणून बांधावर बसून राहत नाहीत. मांडवाखाली शिरतात आणि पान उलटं करून बघतात. खालच्या अंगाला पांढरं आलंय का? मग दावण्या. वरच्या अंगाला भुकटी दिसतेय? मग भुरी. दोन्हींचं औषध वेगळं, आणि न बघता मारलेल्या फवारणीचे पैसे पाण्यात. आण्णांना हे माझ्यापेक्षा शंभरपट जास्त कळतं. त्यांना ‘माझं सगळं संपलं’ असं सांगितलंस तर ते काय करणार बिचारे? ‘172 वर वेग जास्त राहतोय आणि नजर जवळ पडतेय’ असं सांग. ते तुझ्याशी बोलू शकतील.

न झोपता उडू नकोस. ही विनंती नाही. रात्रभर जागून सकाळच्या सॉर्टीला जाण्यापेक्षा इन्स्ट्रक्टरला सांगून ती सोड. तास जाईल, जाऊ दे. मोठ्या मोठ्या कॅप्टननाही उड्डाणाआधी स्वतःला हेच विचारावं लागतं : आजारी आहे का, औषध घेतलंय का, मनावर ताण आहे का, झोप झाली का, पोटात काही आहे का. फोन करूनही झोप आली नाही तर डॉक्टरकडे जा. मेडिकल, म्हणजे आरोग्याचं प्रमाणपत्र, जाईल या भीतीने मुलं डॉक्टर टाळतात आणि मनाने गोळ्या घेतात, ते जास्त घातक. डॉक्टरला सांग की मी पायलटचं शिक्षण घेतोय, आणि कुठलंही औषध सुरू झालं तर मेडिकल एक्झामिनरच्या कानावर घाल. काही काळापुरतं ‘अनफिट’ होणं म्हणजे कायमचं घरी बसणं नव्हे. आणखी एक, स्पष्टच विचारते. पाचव्या पानावर तू लिहिलंयस, ‘सगळं संपवून टाकावंसं वाटतं.’ त्याचा अर्थ फक्त ट्रेनिंग नसेल, तर आत्ता, हे वाचून झाल्यावर लगेच 14416 वर फोन कर. टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे, रात्रीसुद्धा उचलतात, मराठीत बोलता येतं. आणि खोलीतल्या पार्टनरला त्या रात्री जवळ बसायला सांग.

लॉगबुकात तास भरण्याचा सल्ला देणारा तुझा मित्र नाही. 2011 मध्ये गोव्यात एक प्रवासी विमान मागच्या मुख्य चाकांऐवजी आधी नाकाच्या चाकावर उतरलं. चौकशी झाली, आणि त्या वैमानिकाची परवान्यासाठी दिलेली गुणपत्रिकाच बनावट निघाली. मग डीजीसीए या विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने इतरांचे कागद तपासायला घेतले, आणखी प्रकरणं बाहेर आली, अटका झाल्या. नाव गेलं, परवाना गेला. पण मला त्याहून मोठी गोष्ट वाटते ती त्या विमानात बसलेल्या माणसांची. तुझ्याकडे आज लँडिंगची एक अडचण आहे, तीच तर त्या खोट्या तासांखाली गाडली जाईल. तिथे ती सुटणार नाही. कधीतरी मागे दीडशे माणसं बसलेली असताना वर येईल. एक मिनिटसुद्धा लिहू नकोस.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न, सोडू का? आज, या मनःस्थितीत, नाही. पाच सॉर्ट्या आणि नेव्हिगेशनचा एक प्रयत्न, एवढं झाल्याशिवाय हा प्रश्न घेऊ नकोस. मात्र तो प्रश्न विचारणं म्हणजे भित्रेपणा, असं मी म्हणणार नाही. पाच सॉर्ट्यांनंतर चीफ इन्स्ट्रक्टरला समोर बसवून विचार, ‘सर, तुमचा मुलगा असतो तर तुम्ही काय सांगितलं असतं?’ आणि आण्णांबरोबर आधीच एक आकडा ठरव, की याच्या पुढे कर्ज नाही, उरलेल्या बागेला हात नाही. ती रेघ ओलांडायची वेळ आली तर थांबायचं, निदान काही वर्षं तरी.

सरला ठकराल यांनी 1936 मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, लाहोरला जिप्सी मॉथ हे विमान एकटीने उडवलं. भारतातल्या सुरुवातीच्या महिला वैमानिकांत त्यांचं नाव घेतात. 1939 मध्ये त्यांचे वैमानिक पती विमान अपघातात गेले. त्यानंतर त्या व्यावसायिक परवान्यासाठी जोधपूरला शिकायला गेल्या, तर महायुद्ध सुरू झालं आणि नागरी प्रशिक्षणच बंद पडलं. त्या परत लाहोरला आल्या, कलाशाळेत शिकल्या, पुढे दिल्लीत चित्रकार आणि डिझायनर म्हणून आयुष्य उभं केलं. व्यावसायिक परवाना त्यांना कधीच मिळाला नाही. त्यांना कुणी अपयशी म्हणत नाही, मी तर नाहीच नाही. पण बघ, त्या थांबल्या तेव्हा त्यांना थांबवणारी गोष्ट महायुद्ध होती. तुला सध्या थांबवणारी गोष्ट काय आहे, ते अजून तुलाच नीट माहीत नाही.

बॅचमधल्या त्या दोघांबद्दल मी काही लिहीत नाही. त्यांच्या वाटचे विमानाचे दिवस, त्यांचं हवामान, त्यांचे इन्स्ट्रक्टर तुझ्या वाट्याला आले नव्हते, एवढंच.

शीटवरची ओळ उतरवलीस की मला पाठव. आणि उद्या 172 मध्ये इंजिन सुरू करायच्या आधी, पट्टा बांधून, पाठ टेकून, नेहमीसारखा बस आणि समोर बघ. काउलिंगच्या पुढे तुला काय दिसतं, तेवढं कळव.